कोट, गडद निळा, एक

फोन आला तेव्हा मास्तर सरकारी वकिलांच्या पाठीवर टेप धरून उभे होते. सरकारी वकिलांचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धं बोट खाली होता. हे जगात त्यांच्या बायकोला आणि मास्तरांना एवढ्या दोघांनाच माहीत होतं, आणि बायकोला कदाचित नसेलही. दर नव्या गाऊनला मास्तर त्या बाजूला आतून एक पातळशी गादी शिवत, न सांगता, आणि सरकारी वकील ती न विचारता घालत. त्या दिवशी मास्तरांनी आकडा मनात धरला, मान आणि खांद्यामध्ये फोन दाबला, आणि पलीकडून त्यांची बायको म्हणाली, "अहो, भावजींना नेलं." कोणी नेलं, कुठे नेलं, हे विचारायला हवं होतं. मास्तरांनी टेप खाली घेतली, पुन्हा लावली, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आकडा गेला आहे. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मापं ते शेवटी एकदम वहीत उतरवत. तोवर ती डोक्यात जिथल्या तिथे गुमान बसून राहत. आता तिथे काहीच नव्हतं. सरकारी वकील आरशातून त्यांच्याकडे बघत होते. "मास्तर, बरं आहे ना?" "हो हो," मास्तर म्हणाले, "जरा सरळ उभे राहा." माणूस सरळच उभा होता.

मास्तरांचा धाकटा भाऊ एका कचेऱ्यांच्या उंच इमारतीत लिफ्ट चालवायचा. त्या इमारतीचा मुकादम मंगळवारी संध्याकाळी चौथ्या मजल्याच्या जिन्यावरून खाली गेला, डोक्यावर पडला, आणि शनिवारी दवाखान्यात मेला. सोमवारी सकाळी पोलीस धाकट्याच्या दारात उभे राहिले. जिना झाडणाऱ्या दोन बायकांनी खालच्या वळणावरून पाहिलं होतं: धाकट्याचा हात पुढे आला आणि मुकादम मागे गेला. एवढंच. मास्तरांना हे सगळं बायकोने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, मध्येच पदर तोंडाशी धरत, आणि ते ऐकत असताना त्यांच्या डोळ्यांसमोर मुकादमाचा चेहरा आलाच नाही. तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर आली ती एक बाही. गडद निळ्या लोकरी कोटाची उजवी बाही, पाठीकडच्या अंगाने, खांद्यापासून वीतभर खाली. ती त्यांनी ताबडतोब मनातून बाजूला केली. अर्धवट शिवलेला कपडा गिऱ्हाईक आलं की आपण गठ्ठ्याखाली सारतो, तशी.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मास्तर ती एकतीस वर्षं रोज चढत होते, हातावर दुसऱ्यांचे गाऊन टाकून, आणि स्वतःला शहाण्यातच मोजत होते. त्यांचं दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत, दोन माणसं आणि एक यंत्र मावेल एवढं. गावातला एकही वकील असा नव्हता ज्याची छाती त्यांना ठाऊक नव्हती. नावं मात्र लक्षात राहत नसत. त्यांच्या डोक्यात वकील कपड्यावरून लागलेले असत: खांदे म्हणजे सरकारी वकील, खिसे म्हणजे तो बुटका, ज्याला गाऊनला आतून दोन खोल खिसे लागत आणि त्यांत काय असतं हे मास्तर कधी विचारत नसत, घेर म्हणजे तो नामांकित, ज्याला चालताना मागे हातभर कापड फडफडायला हवं असे. आता सगळे म्हणायला लागले, घेराकडे जा. मेहुणा म्हणाला, चहावाला म्हणाला, शेजारचा टायपिस्टसुद्धा म्हणाला, "अहो, तो नुसता उभा राहिला तरी साक्षीदाराला घाम फुटतो." मेहुण्याने तर चार गावं पालथी घालून मोठ्या शहरातल्या कुणा वकिलाचा नंबर आणला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मास्तर ऐकत राहिले. घेराचा गाऊन दर दोन वर्षांनी नवा होई, आणि जुना परत येई तेव्हा त्याची मागची बाजू झिजलेली असे, बसून बसून. तो माणूस उभा कमीच राहत असणार. खिशांच्या शिवणी आतून उसवलेल्या असत. मास्तरांनी आधी, मूर्खासारखं, खांद्यांनाच विचारलं. सरकारी वकील मापाचा गाऊन न्यायला आले होते. त्यांनी हात वर केला. "मला विचारू नका. फाईल उद्या माझ्याच टेबलावर येईल. तेव्हा मी तुम्हाला ओळखत नाही असं वागेन, मास्तर. राग मानू नका." नवा गाऊन त्यांना चांगला बसला होता.

शेवटी त्यांनी कोपरं निवडली. हा पन्नाशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. त्याच्या गाऊनची दोन्ही कोपरं विरून जाळीसारखी झालेली, आणि त्यातून आतला कोट दिसे. दोनदा मास्तर म्हणाले होते, द्या, तासाभरात रफू करून देतो. दोन्ही वेळा कोपरं म्हणाली, नंतर बघू. कोपर झिजतं ते टेबलावर टेकून वाचणाऱ्याचं, हे मास्तरांनी एकतीस वर्षांत शिकलेलं होतं, आणि भावाचा जीव त्यांनी तेवढ्या शिकण्यावर टाकला. बायको म्हणाली, "अहो, लोक वकील निवडतात तरी कसा, आणि तुम्ही निवडता कसा." ती चिडली नव्हती. तिने पाण्याची बाटली पिशवीत घातली आणि त्यांच्याबरोबर निघाली.

कोपऱ्यावरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वकिलाची खोली. कागदांचे गठ्ठे खुर्च्यांवर बसलेले, म्हणून माणसांना बाकावर बसावं लागे. मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं तर वकिलाने त्यांना थांबवलं. "खरं काय झालं ते आधी सांगू नका. आधी पोलिसांकडे काय आहे ते मी वाचतो. नाहीतर मी कागदात तुमचं खरं शोधत बसेन, आणि कागदात जे आहे ते मला दिसणार नाही." बायकोला हे विचित्र वाटलं. खोटं ऐकून घ्यायला नको म्हणून खरंही ऐकायचं नाही, असा कसा वकील, असं ती जिना उतरताना म्हणाली. मास्तरांना मात्र माणूस आवडला. गिऱ्हाईक म्हणतं, मला चाळीस लागतो. आपण टेप काढतो. त्यात अपमान कसला. वकीलपत्रावर कोठडीत जाऊन धाकट्याची सही घेतली गेली, जामिनाचा अर्ज झाला, तो नामंजूर झाला, पुन्हा झाला, पुन्हा नामंजूर. सदोष मनुष्यवध हा शब्द मास्तर आता न अडखळता म्हणू लागले. त्यात दहा वर्षांपर्यंत जातात, वकील म्हणाला, आणि धाकटा तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता.

आरोपपत्राची प्रत मिळाली त्या दुपारी वकिलाने मास्तरांना एकट्याला बोलावलं. टेबलावर कोपरं टेकलेली होती, अगदी त्या दोन जाळ्यांवर. "तुमचा भाऊ सांगतो ते असं," तो म्हणाला. "मुकादम म्हणाला, लिफ्टमध्ये सामान चढव. हा म्हणाला, वजन जास्त आहे, नाही चढवणार. मुकादमाने याची बाही धरली आणि जिन्याकडे ओढत न्यायला लागला. मुकादमाची पाठ जिन्याकडे. याने हात सोडवायला झटका दिला. बाही फाटली. बाही फाटली म्हणून त्याच्या हातातलं धरलेलं सुटलं, आणि तो उलटा गेला. बरोबर?" उत्तराची वाट न बघता तो पुढे म्हणाला, "हे खरं असेल तर हा ढकलणारा नाही, हा सुटणारा आहे. सगळा खटला त्या बाहीवर आहे. बायकांनी हात पुढे आलेला पाहिला. झटका दिल्यावर हात पुढे जाणारच. पण हे बघा." त्याने एक कागद वळवला. कोट लिफ्टच्या खोलीतल्या खुंटीवरून जप्त झाला होता. पंचनाम्यात लिहिलं होतं: कोट, गडद निळा, एक. स्वच्छ, इस्त्री केलेला. फाटलेला नाही. "म्हणजे एकतर तुमचा भाऊ खोटं बोलतोय," वकील म्हणाला, "नाहीतर हा तो कोट नाही." मास्तर त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. कुणा हवालदाराने सहज लिहिलेले, सरळ हाताने. आयुष्यात त्यांच्या कामाला मिळालेली याहून मोठी पावती नव्हती. "तोच कोट आहे," ते म्हणाले. "मी रफू केला."

वकिलाने टेबलावरून कोपरं उचलली. मग म्हणाला, "कधी?" आणि मास्तरांना ते सांगावं लागलं. बुधवारी सकाळी. रफू ते कधीच दिव्याच्या उजेडात करत नसत. खिडकीशी, सकाळच्या उजेडात, आठ ते दहा. धाकटा साडेसातला आला, कोट हातावर, अंगात नुसता शर्ट. "दादा, दाराच्या कडीला अडकला. दुपारी ड्यूटी आहे." कोट मास्तरांनीच शिवलेला होता, दोन वर्षांपूर्वी, त्यांनी बाही उजेडात धरली आणि पहिली गोष्ट त्यांच्या मनात आली ती अशी की शिवण उसवली नाही. कापड गेलं, शिवण नाही. त्यांना बरं वाटलं होतं. खरंच, त्यांना बरं वाटलं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी वकिलाला सांगितली नाही. दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली तीही त्यांनी सांगितली नाही, निदान त्या दिवशी. कडीला अडकलेलं कापड काटकोनात फाटतं, एक पाय लांब, एक आखूड. हे तसं नव्हतं. हे उभं गेलेलं होतं, आणि दोन्ही बाजूंचे धागे ओढून लांब झालेले, आणि वर बाहीला चुरगळून बसलेल्या चार घड्या होत्या, बोटं बसावीत तशा. मास्तरांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा खिडकीबाहेर बघत होता. "कडीला," मास्तर म्हणाले. "हो, कडीला," धाकटा म्हणाला. मग मास्तर म्हणाले, "चहा घे, तोवर होतं," आणि सुई ओवली.

विचारायचं नाही ही रीत त्या घरात जुनी होती. आई गेली तेव्हा मास्तर एकोणीस वर्षांचे होते आणि धाकटा सहा. वडील गिरणीतून येत ते अंगणातूनच पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळत येत, आणि सदरा फाटलेला दिसला की विचारत नसत, पट्टा काढत. एकदा गुडघ्याला ठिगळ दिसलं, तरी मारलं. ठिगळ म्हणजे फाटल्याची कबुलीच. तेव्हापासून मास्तरांनी ठिगळ लावणं सोडलं. शिवणकाम ते तेव्हा नुकतेच शिकत होते, पण रफू त्यांनी कुणाकडून शिकला नाही. तो त्यांना भीतीने शिकवला. कपड्याच्या आतल्या दुमडीतून त्याचाच धागा काढायचा, त्याच रंगाचा, तितकाच जुना, तितकाच धुतलेला, आणि त्याच विणीत वर-खाली घालत जायचा, जोवर फाटलेलं होतं हे कापडालाही आठवणार नाही. पोरगं शाळेतून धावत येई, पाठीमागे सदरा लोंबत. वडील यायला तासभर असे. "काय झालं?" हे विचारण्यात तेवढा तासही गेला असता. म्हणून त्यांनी विचारणं सोडून दिलं. झालं की कपडा झटकून ते पोरापुढे धरत आणि म्हणत, "शोध." पोरगं जमिनीवर गुडघे टेकून, नाक कापडाला लावून, इंच इंच शोधी. कधी चाटूनही बघे. मग मान हलवून म्हणे, "हरलो, दादा." आणि ज्या दिवशी ते हरे त्या दिवशी मार नसे. असे किती दिवस होते ते मास्तरांना सांगता आलं नसतं. पण त्या बुधवारी सकाळी रफू संपला तेव्हा त्यांनी कोट धाकट्यापुढे धरला आणि, एक्केचाळीस वर्षांच्या, कानावर केस पांढरे झालेल्या माणसाला, सवयीने म्हणाले, "शोध." धाकट्याने बाहीवरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते. मास्तरांना वाटलं, जुन्या आठवणीने.

दुमडीतले धागे कमी झाले की ती आतून खालीवर दिसते. ती कात्रीने सारखी करायची, मग वाफेची इस्त्री. हेही त्यांनी केलं होतं. म्हणजे धागे कुठून घेतले तेही कुठे उरलं नव्हतं. वकिलाने हे विचारलं तेव्हा मास्तरांनी सांगितलं, आणि वकील पहिल्यांदा हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "मास्तर," तो म्हणाला, "खुनी माणसं पुरावा नष्ट करतात तो इतका नीट करत नाहीत हो." कोट तपासायला प्रयोगशाळेत गेला. तीन महिन्यांनी कागद आला: रक्ताचे डाग नाहीत, फाटल्याची खूण नाही. वकिलाने दुसऱ्या तपासणीचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. पावसाळा गेला, थंडी आली, तारखा पडत राहिल्या. मास्तर रोज दुकान उघडत. कोर्टाच्या व्हरांड्यात आता त्यांच्या हातचे गाऊन समोरून येत आणि जरासे बाजूला होऊन पुढे जात. लोक वाईट नव्हते. आरोपीच्या भावाशी काय बोलावं हे कुणालाच येत नाही. एके दिवशी मास्तर वकिलाच्या जिन्यावर बसून राहिले आणि तो आला तसे म्हणाले, की त्याच ताग्याचं कापड अजून मिळेल, तोच कोट पुन्हा शिवता येईल, तशीच बाही, आणि त्यांना आठवतं ते नेमकं कुठून कसं गेलं होतं. धागान् धागा आठवतं. वकील एक पायरी खाली उतरून त्यांच्या शेजारी बसला. "हे तुम्ही बोलला नाहीत," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही. मी जे आहे ते दाखवतो. नाही ते बनवत नाही. बनवलं तर तुमच्या भावाचं खरंसुद्धा खोटं होईल." त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मास्तरांना, तशाही वेळी, वाटलं की या कोपरातला धागा आता महिनाभरही टिकत नाही.

तुरुंगात भेटायला दर पंधरवड्याला जाता येई. जाळीच्या अलीकडे मास्तर, पलीकडे धाकटा, मध्ये हातभर अंतर, आणि दोन्ही बाजूंना इतकी माणसं एकदम बोलत की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नसे. धाकट्याने एकदा तुरुंगाचा सदरा ओढून दाखवला. "बघ दादा, काय शिलाई आहे. तू बघितलंस तर आजारी पडशील." मास्तर हसले. मग त्यांनी विचारलं, जे त्या बुधवारी विचारायला हवं होतं ते: "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" धाकट्याने आधी ऐकू आलं नाही असं दाखवलं. "सांगणारच होतो," तो म्हणाला. "रस्ताभर तेच घोकत आलो होतो. मग तू बाही बघितलीस, माझ्याकडे बघितलंस. मला कळलं की तुला कळलं. आणि तू विचारलं नाहीस." जाळीवर त्याची बोटं होती. "तू विचारलं नाहीस म्हणून इतकं बरं वाटलं, दादा. वाटलं, झालं, आता मिटलं." शिपायाने वेळ संपल्याचं ओरडून सांगितलं. मास्तर बाहेर आले आणि फाटकासमोरच्या दगडावर बसले. बायको म्हणाली, "चला," आणि ते म्हणाले, "चलतो," आणि बसूनच राहिले. तेव्हा त्यांना रडू आलं. मोठ्याने, भर रस्त्यात, लोक वळून बघत होते. बायकोने पिशवीतली पाण्याची बाटली काढून झाकण उघडून त्यांच्या हातात दिली आणि तोंड दुसरीकडे करून उभी राहिली.

बचावाची साक्ष एकच होती: मास्तर. आदल्या दुपारी वकिलाने त्यांना बसवून सांगितलं की माहीत आहे तेवढंच बोला, माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणा, आणि कोट हातात दिला की जागा दाखवा. "जागा तर ठाऊक आहे ना?" "झोपेत दाखवीन," मास्तर म्हणाले. मग त्यांनी चार बोटांच्या घड्यांचं सांगितलं, जे आठ महिने सांगितलं नव्हतं. वकिलाने ते लिहून घेतलं. "ओळखलंत, तरी विचारलं नाहीत," तो म्हणाला. "उलटतपासणीत हे ते विचारतील." "विचारू दे," मास्तर म्हणाले. कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर खोली वेगळी दिसते. खाली सगळे काळे गाऊन बसलेले, आणि मास्तर वरून बघत होते ते त्यांचे खांदे, त्यांच्या शिवणी, आपलंच काम ओळीने मांडलेलं. शपथ झाली. वकिलाने विचारलं ते सगळं त्यांनी सांगितलं, लहानपणचे सदरे, बुधवार, खिडकी, कडी, चार घड्या. न्यायाधीश मान खाली घालून लिहीत होते. धाकटा मागच्या बाकावर दोन शिपायांच्या मध्ये बसला होता. मग सरकारी वकील उठले, डावा खांदा उजव्याच्या बरोबरीने आलेला. त्यांनी आवाज चढवला नाही. "मास्तरांचा हात सगळ्या कोर्टाला माहीत आहे," ते म्हणाले. "मी स्वतः त्यांचं काम अंगावर घेऊन उभा आहे. तुमच्या रफूबद्दल लोक काय म्हणतात, मास्तर?" "दिसत नाही म्हणतात." "एखाद्या गिऱ्हाईकाला कधी दिसला आहे?" "नाही." "तुम्ही आरोपीचे भाऊ. तुम्ही वाढवलंत त्याला. लहानपणी त्याचे फाटलेले कपडे वडिलांपासून लपवायला तुम्ही हे काम शिकलात, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत." "हो." "म्हणजे तुम्ही याला वाचवायला पूर्वीही काम केलं आहे." वकील आक्षेप घ्यायला उभा राहिला, न्यायाधीशांनी प्रश्न काढून टाकायला सांगितलं, पण तो प्रश्न खोलीत बसून राहिला. सरकारी वकिलांनी सीलबंद पाकीट फोडलं आणि कोट मास्तरांच्या हातात दिला. "प्रयोगशाळेला दिसलं नाही. मला दिसत नाही. तुम्ही दाखवा. नुसती जागा नाही. कापड फाटलं होतं असं ज्यावरून कळेल ते काहीतरी दाखवा. एक धागा दाखवा."

कोट जड होता. नऊ महिने पाकिटात राहून त्याला कागदाचा वास लागला होता. मास्तरांनी उजवी बाही वळवली, खांद्यापासून वीतभर खाली अंगठा ठेवला. तिथे कापड होतं. त्यांनी न्यायाधीशांची परवानगी मागितली आणि पिंजऱ्यातून उतरून खिडकीशी गेले. उजेड होता, चांगला होता, साडेअकराचा. चष्मा कपाळावर सारून त्यांनी कापड डोळ्यांजवळ नेलं. उभे धागे, आडवे धागे, एक वर एक खाली. बोटाचं टोक फिरवलं, मग नखाने. कुठेतरी विणीला कड लागेल, कुठेतरी एक धागा दुसऱ्यापेक्षा घट्ट असेल, माणसाचं काम आहे, कुठेतरी चुकलेलं असेलच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी देवाकडे स्वतःच्या हातून झालेली एक चूक मागितली. मागून सरकारी वकील म्हणाले, "उसवून दाखवलं तरी चालेल." "उसवता येत नाही," मास्तर म्हणाले, मान वर न करता. "त्याचाच धागा आहे. एक ओढला तर चांगलंही येईल बरोबर. मग ते माझं आजचं फाडणं होईल." त्यांनी बाही आतून बघितली. मग बाहेरून. बोट दाखवून इथे म्हणावं असं त्यांच्या मनात आलं, हा धागा, हाच. कोण म्हणणार होतं नाही म्हणून? पण बोट कापडावर पोचल्यावर थांबलं. कापडाच्या बाबतीत त्यांना कधी खोटं बोलता आलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. "सापडलं का, मास्तर?" न्यायाधीशांनी विचारलं. त्यांच्या आवाजात कंटाळा नव्हता. त्यांनाही ते सापडायला हवं होतं असं वाटत होतं.

मास्तरांनी मान वर केली आणि धाकट्याकडे पाहिलं. धाकटा बाकावरून अर्धवट उठून, दोन शिपायांमधून पुढे वाकून, त्या बाहीकडे बघत होता. भुवया आखडलेल्या, तोंड किंचित उघडं, सहाव्या वर्षी गुडघे टेकून बघायचा तसाच. तो शोधत होता. इतक्या लांबून त्याला काय दिसणार. मग त्याने हळूच मान हलवली, दोनदा, आणि दादाकडे बघून थोडा हसला.

मास्तरांनी कोटाची घडी घातली. बाह्या आत, कॉलर वर, गिऱ्हाईकाला देताना घालतात तशी, हाताने सुरकुती काढून, आणि ती टेबलावर ठेवली. "हरलो," ते म्हणाले.

कोर्टाच्या टायपिस्टची बोटं यंत्रावर थांबली. त्याने न्यायाधीशांकडे पाहिलं. "काय लिहू, साहेब?"

"लिहा," न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदाराला रफू दाखवता आला नाही."